पारपत्र जप्त, अटकावलं की रद्द?

– अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनवरचा मजकूर मराठीत आणतोय. 'अमेरिकेने त्याचं पारपत्र जप्त केलं' हे वाक्य बरोबर आहे का?

– नाही, कृपया 'जप्त' लिहू नका. जप्तीला वस्तू हातात यावी लागते. २२ जून २०१३ला अमेरिकेने पारपत्र रद्द केलं तेव्हा स्नोडेन हाँगकाँगमध्ये होता आणि ती पुस्तिका त्याच्याजवळच होती. दुसऱ्या दिवशी तो मॉस्कोला उतरला आणि १ ऑगस्टपर्यंत शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागातच अडकून पडला. पुस्तिका खिशात, पण तिच्यामागचा सरकारचा शब्द गेलेला. त्यासाठी 'रद्द' हाच शब्द हवा.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो. १९६७च्या पासपोर्ट कायद्यात कलम १० (३) खाली 'इम्पाउंड' (अटकावणं) आणि 'रिव्होक' (रद्द करणं) अशा दोन वेगळ्या कारवाया आहेत, आणि मराठी बातमीत दोन्हींना सरसकट 'जप्त' म्हणतात. इम्पाउंडमधला 'पाउंड' म्हणजे आपला कोंडवाडा. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गाय कोंडवाड्यात घालत, धनी दंड भरून सोडवून नेई. गाय त्याचीच राही. पारपत्राचंही तसंच, ते अटकावलं तरी परत मिळू शकतं. म्हणून मी 'अटकावून ठेवलं' लिहितो. मनेका गांधींच्या बाबतीत १९७७ला हेच घडलं होतं, आणि परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे हे १९७८च्या निकालाने पक्कं झालं.

'जप्त'लाही जागा आहे. सुरेश नंदा खटल्यात २००८ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पोलीस पारपत्र जप्त करू शकतात, पण अटकावून ठेवायचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचाच. एका शब्दात दोन्ही कोंबले तर अधिकार कोणाचा, हेच वाचकाला कळत नाही. मला ही चूक फार लागते, कारण इथे माणसाचं येणंजाणं पणाला लागलेलं असतं.

– मग 'देशहीन' चालेल? स्नोडेनने स्वतःच तसं म्हटलं होतं ना?

– हो, १ जुलैच्या निवेदनात. ते त्याचं म्हणणं म्हणून अवतरणात द्या, तुमच्या वाक्यात नको. पारपत्र गेलं तरी नागरिकत्व जात नाही. २३ जुलैला अमेरिकेचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी रशियाच्या न्यायमंत्र्यांना लिहिलं, की तो अमेरिकेचा नागरिकच आहे आणि थेट अमेरिकेला परतण्यापुरतं मर्यादित पारपत्र त्याला मिळू शकतं. कायद्याने हे बरोबर होतं. पण ज्या एका ठिकाणी अटक ठरलेली, तिथलीच वाट मोकळी ठेवायची, याला प्रवासाची मुभा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सीआयए सोडून तिची गुपितं फोडणाऱ्या फिलिप एगीचं पारपत्रही १९७९ला तो पश्चिम जर्मनीत असताना असंच रद्द झालं. १९८१ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ते ग्राह्य धरलं. तिथेही 'रद्द'च.

– इक्वेडोरने स्नोडेनला प्रवासासाठी दिलेल्या कागदाला काय म्हणू? 'तात्पुरतं पारपत्र'?

– 'अभयपत्र' म्हणा. जुन्या मराठी कागदांतला शब्द आहे, आणि अर्थ अगदी तोच: या माणसाला वाटेत अडवू नये. पुढे अध्यक्ष कोरेआंनी ते वैध नसल्याचं सांगितलं, तेव्हा वाक्य असं करा: 'लंडनमधल्या इक्वेडोरच्या वाणिज्यदूताने अभयपत्र दिलं, पण क्वीटोतल्या सरकारने ते मानलं नाही.'