गाणी बर्न करायला कुठल्या कोऱ्या सीडी घेऊ? जुन्या खराब व्हायला लागल्यात

स्वरवेडी:
मंडळी, जरा मदत हवी आहे. आईच्या गाण्याच्या कॅसेट्स मी २००६ साली कॉम्प्युटरवर उतरवून सीडीवर बर्न केल्या होत्या, एकूण १४ सीडी. नंतर कॅसेट्सना बुरशी लागली, ती हार्ड डिस्कही गेली, म्हणजे आता जे काही आहे ते या सीडींवरच. परवा लावल्या तर पाच सीडींवर शेवटची दोन-तीन गाणी अडकतात, टकटक आवाज येतो, आणि एक तर प्लेयर ओळखतच नाही. खालची बाजू स्वच्छ आहे, ओरखडा एकही नाही. पण ट्यूबलाइटसमोर धरली तर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात आणि मी वर बॉलपेनने "आई, भाग ३" लिहिलं होतं ती अक्षरं खालून उलटी उमटलेली दिसतात. रडूच आलं बघून. नव्या सीडी कुठल्या घेऊ? कोणी म्हणतं सोनेरी घे, कोणी म्हणतं म्युझिक सीडी म्हणून वेगळी येते ती घे. स्पीड किती ठेवू? आईच्या जुन्या प्लेयरवर लागली पाहिजे, तिला पेनड्राइव्ह वगैरे जमत नाही.

तबकडी:
ताई, नव्या सीडींचं नंतर बघू, जुन्यांतून जे निघतंय ते आजच काढून घ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायचं सॉफ्टवेअर) टाका, सिक्युअर मोड म्हणजे काळजीपूर्वक वाचायची पद्धत लावा आणि टेस्ट अँड कॉपी करा, प्रत्येक गाणं दोनदा वाचलं जातं आणि दोन्ही वेळचे सीआरसी (वाचलेल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळले की ते गाणं नीट निघालं समजायचं. जी सीडी एका ड्राइव्हला वाचता येत नाही ती दुसऱ्याला बरेचदा येते, म्हणून ओळखीपाळखीत दोन-तीन ड्राइव्ह मागून बघा, न ओळखणारी सुद्धा टाकून देऊ नका.

शेवटचीच गाणी का जातात तर सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला येतात आणि बोटं, दमट हवा, घासणं सगळं कडेलाच जास्त. आणि आपण सगळे खालची बाजू जपतो पण नाजूक वरची असते. १.२ मिमी जाडीचं प्लास्टिक सगळं खाली, त्यावर डायचा थर (ज्या रंगद्रव्यावर लेझर गाणं लिहितो ते), त्यावर चांदीचा, आणि त्याच्यावर फक्त लॅकरचा पातळ हात. खालचा ओरखडा पॉलिश करून बरेचदा निघतो, वरून चांदी उडाली की तिथलं गाणं गेलंच. तुमच्या बॉलपेनने तेच केलंय, आणि ती भोकं म्हणजे चांदी गेलेल्या जागा.

आता कोऱ्या सीडी. डब्यावरच्या नावापेक्षा आतली सीडी कोणी बनवली आणि डाय कुठला हे महत्त्वाचं, एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल निघतो. सायनिन, थॅलोसायनिन आणि एझो असे तीन मुख्य डाय. सायनिनला उजेड सोसत नाही, बाकीचे दोन त्या मानाने दणकट. ताइयो युडेनच्या सीडींचं नाव फार मोठं होतं पण त्यांनी २०१५ मध्ये हा धंदा बंद केला. आज घ्यायची तर मी व्हर्बेटिम घेईन, मात्र डब्यावर एझो लिहिलेलं बघूनच, कारण त्यांची प्रत्येक सीडी एझो नसते. घरी आणल्यावर इमगबर्न या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एटिप कोड (कोऱ्या सीडीवर आधीच कोरलेली माहिती) बघा, खरा बनवणारा कोण ते त्यावरून कळतं. हा कोड वेळेसारखा दिसतो, ९७ मिनिट २६ सेकंद असा आला तर सीएमसी ही कंपनी, ९७ मिनिट २४ सेकंद आला तर ताइयो युडेन.

सोनेरी सीडीत चांदीऐवजी सोनं असतं आणि सोन्याला गंज चढत नाही हे खरंय, पण खालचा डाय म्हातारा व्हायचा तो होतोच, म्हणून सोनेरी घ्यायचीच तर एकच मास्टर कॉपी त्यावर करा. म्युझिक सीडीचं मात्र डोक्यातून काढून टाका. त्यावर फक्त एक खूण असते, टीव्हीजवळ ठेवायचे ते ऑडिओ रेकॉर्डर ती बघून सीडी स्वीकारतात, कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही आणि टिकायलाही जास्त टिकत नाही.

मंद_लेझर:
स्पीडचं मी सांगतो. जितकं हळू तितकं चांगलं हे जुन्या काळच्या सीडींचं झालं, आताच्या ५२एक्सच्या (एक्स म्हणजे साध्या वाजण्याच्या वेगाच्या किती पट) सीडीचा डाय जास्त स्पीडसाठी बनवलेला असतो, ४एक्सला केलं तर उलट एरर वाढलेले मी स्वतः बघितलेत. १६ ते २४एक्स ठेवा, डिस्क ॲट वन्स (सगळी सीडी एका दमात लिहिणं) निवडा आणि फायनलाइझ म्हणजे सीडी शेवटी बंद करायला विसरू नका नाहीतर जुना प्लेयर वाचणार नाही. सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) तर अजिबात नको, तिच्यावरून उजेडच कमी परततो, जुन्या प्लेयरची लेन्स ओळखत नाही. आणि ऑडिओ सीडी म्हणूनच बर्न करा, एमपीथ्री नको, ८० मिनिटांच्या वर भरायचा मोह नको.

बर्न झालं की लगेच एरर स्कॅन, म्हणजे सीडी वाचताना किती चुका येतात ते मोजणं. सॉफ्टवेअर नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल, सगळे ड्राइव्ह हे करत नाहीत पण तुमचा करत असेल तर सी२ (मोठ्या चुका) शून्य पाहिजे म्हणजे शून्यच. सी१ (सहज दुरुस्त होणाऱ्या छोट्या चुका) थोडे असतातच, नियमात सेकंदाला २२० पर्यंत चालतात पण चांगल्या बर्नचा सरासरी आकडा एक-दोनच्या आसपास असतो. तो ग्राफ सेव्ह करा, दरवर्षी त्याच ड्राइव्हवर परत स्कॅन करा. गाणं अडकायला लागायच्या कितीतरी आधी ग्राफ कडेला चढायला लागतो, तेव्हाच नवी कॉपी काढायची.

नितळ:
सीडी कशाला आता, सगळं हार्ड डिस्कवर टाका की. फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता फाइल लहान करणारा फॉरमॅट) केलं की क्वालिटी तीच राहते.

तबकडी:
@नितळ फ्लॅक तर करायचंच, तेही दोन वेगळ्या डिस्कवर, पण त्यांची हार्ड डिस्क एकदा गेलीच आहे ना. आणि आईला प्लेयरवर ऐकायचंय, ते महत्त्वाचं नाही का? दोन्ही करा.

ठेवायचं राहिलं. प्रत्येक सीडी स्वतःच्या कडक केसमध्ये, उभी, कपाटात, उन्हापासून लांब. पाकिटांचा अल्बम नको, वरची बाजू त्यात घासते. २००३ च्या एनआयएसटीच्या (अमेरिकेची सरकारी मापन-मानक संस्था) मार्गदर्शिकेत जास्त काळ ठेवायला ४ ते २० अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता दिली आहे, घरात एवढं जमत नाही पण निदान गरम होणाऱ्या टीव्हीवर किंवा गाडीत ठेवू नका. नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर. चिकट लेबल कधीच नाही. पुसताना मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

स्वरवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या काकांचा जुना ड्राइव्ह आणला आणि न ओळखणारी सीडी त्यात चक्क लागली! १४ पैकी १३ पूर्ण निघाल्या, सीआरसी जुळले. भाग ३ मधलं शेवटचं गाणं मात्र निम्म्यावर थांबतं, बरोबर जिथे "आई" लिहिलंय त्याच्या खाली. उद्या अजून एक ड्राइव्ह मिळतोय, त्यात परत घालून बघते.