थर्मोस्टॅट बदलल्यावर थंड गाडीखाली कूलंटचा डाग – बोल्ट अजून आवळू का?

खाडीकाठ (हर्णै)

नमस्कार मंडळी. १.२ लिटर पेट्रोल गाडी, २०१३ चं मॉडेल. तापमानाचा काटा कायम खालीच राहायचा म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) घरी बदलला. जुना उघडाच अडकलेला निघाला. नवा ८२ अंशांचा आहे. सोबत आलेली रबरी रिंग घातली, वरून थोडं आरटीव्ही सिलिकॉन (सांधा बुजवायचं ट्यूबमधलं लुकण) लावलं आणि दहाचा सॉकेट लागणारे दोन बोल्ट आवळले. लगेच कूलंट भरलं.

आता गाडी फिरवून आणली की खाली काही दिसत नाही. सकाळी मात्र हाउसिंगखाली (थर्मोस्टॅटवरच्या झाकणाखाली) गिअरबॉक्सवर ओल असते आणि खळ्यात तळहाताएवढा हिरवट डाग. रिझर्व्ह बाटलीतली पातळी जिथल्या तिथे आहे. बोल्ट आणखी अर्धा फेरा आवळू, की वरचा होस पाईप बघू? आणि पुन्हा उघडायचंच झालं तर सगळं कूलंट काढावं लागेल का?

दहाचा_पाना (चिपळूण)

बोल्ट आवळू नका. ६ एमएमचा बोल्ट आहे आणि आटे अॅल्युमिनियममध्ये आहेत. अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा धरा: बोल्टपासून १० सेंटिमीटरवर पान्याला १० किलोचा जोर. लांब हँडल लावलं की आटे तरी जातात नाहीतर हाउसिंगचा कान तरी तुटतो. शिवाय रबरी रिंगची गळती जास्त जोराने थांबत नाही. हाउसिंग धातूला धातू टेकलं की रिंग जेवढी दाबायची तेवढी दाबली गेलेली असते. त्यापुढे आवळलं तर कान वाकतात आणि दोन बोल्टांच्या मधला भाग उलट उचलला जातो.

बाटलीतली पातळी हलत नाही, ही तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इंजिन थंड होताना आतलं कूलंट आकसतं आणि रेडिएटर कॅपमधल्या छोट्या वॉल्व्हमधून बाटलीतलं कूलंट आत ओढलं जातं. कुठे फट असली तर ओढ तिथून लागते आणि कूलंटऐवजी हवा आत शिरते. बाटली भरलेली दिसत राहते, रेडिएटर मात्र रिता होत जातो. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना कॅप उघडा. कूलंट अगदी तोंडापर्यंत हवं. खाली गेलेलं असेल तर तेवढी हवा आत आहे, आणि अशा गाडीत काट्यावर विसंबता येत नाही. सेन्सर कूलंटात बुडालेला नसेल तर इंजिन तापूनही काटा मधेच दिसू शकतो.

गरम असताना गळत नाही असंही लगेच धरू नका. तापलेल्या गिअरबॉक्सवर पडलेला थेंब जमिनीवर यायच्या आधीच सुकतो. टॉर्च मारून बघा, त्या जागी हिरवट-पांढरी खपली धरलेली असेल.

उघडण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते ठरवा. थर्मोस्टॅट काढताना सांडलेलं कूलंट गिअरबॉक्सच्या खोबणीत साठतं आणि नंतरही टिपकत राहतं. म्हणून आधी तो भाग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. मग थंड इंजिनावर कॅपच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढाच बार दाब द्या, त्याच्या वर नाही. १५ मिनिटं टेस्टरचा काटा स्थिर राहायला हवा. तोवर हाउसिंगचा सांधा, होसचं टोक आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक, या तिन्ही ठिकाणी पांढरा टिश्यू टेकवून बघा. टेस्टर बऱ्याच गॅरेजमध्ये असतो, तासाभरासाठी मागून आणता येतो. एसीचं पाणीही आपल्याकडच्या दमट हवेत भरपूर पडतं, पण ते बिनरंगाचं असतं आणि बोटांना बुळबुळीत लागत नाही. चव घेऊन मात्र बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

जांभा_चिरा (राजापूर)

दादांच्या म्हणण्याला माझा दुजोरा. टेस्टरवर ओल सांध्यातच दिसली तर संशय त्या सिलिकॉनवर. साच्यातली रबरी रिंग कोरडी बसवायची असते. सिलिकॉन ओलं असताना रिंगखाली वंगणाचं काम करतं, बोल्ट आवळताना रिंग सरकते आणि एका बाजूला हाउसिंगच्या कडेखाली चिमटते. वर तुम्ही कूलंट लगेच भरलंय. आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. दमट हवेत त्याच्यावर साय पटकन धरते, पण आतपर्यंत वाळायला जवळपास २४ तास द्यावे लागतात. आत लोंबणारे त्याचे तुकडे सुटले की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. कागदी पॅकिंग असेल तर पातळ हात चालतो, रबराला अजिबात नको.

सगळं कूलंट काढायची गरज नाही. पातळी हाउसिंगच्या खाली गेली की झालं, छोट्या पेट्रोल गाडीत दीड-दोन लिटर. स्वच्छ टबात काढा आणि मोजून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

उघडल्यावर हे बघा. जुनी रिंग इंजिनाच्या खाचेत चिकटून राहिली आहे का? ती काळी पडून धातूसारखीच दिसते. नखाने कोरल्याशिवाय कळत नाही आणि तिच्यावर नवी बसली की सांधा कधीच बंद होत नाही. थर्मोस्टॅटची चकती खाचेत पूर्ण उतरली होती का? स्प्रिंगची, म्हणजे मेणाच्या कुपीची बाजू इंजिनाकडे हवी, आणि चकतीवरची हलणारी पिन सगळ्यात वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे भरताना हवा तिथून निघून जाते. बोल्टांची भोकं आरपार नसतील तर त्यांत साचलेलं कूलंट कापसाने टिपून घ्या. भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा लागतो, पण हाउसिंग दाबलं गेलेलं नसतं.

रिंग नवीनच घ्या. एकदा चिमटलेली पुन्हा गोल होत नाही. बसवताना बोट कूलंटात बुडवून फिरवा, बस. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर हे रबर फुगतं.

खाडीकाठ (हर्णै)

टेस्टर मिळाला. १.१ बारवर काटा हळूहळू उतरला, टिश्यू हाउसिंगच्या खालच्या कडेला हिरवा झाला. होस आणि पंप कोरडे. १.८ लिटर कूलंट काढून उघडलं. रिंगला खालच्या बाजूला चपटी धार आली आहे. आणखी एक: हाउसिंगच्या तोंडावर त्याच जागी पांढरी भुकटी होती, ती खरवडली तर खाली खड्डे आहेत, नख अडकतं. आधीच्या मालकाकडे त्यात विहिरीचं पाणी टाकलं जात होतं. हे घासून चालेल का?

दहाचा_पाना (चिपळूण)

खड्डे नेमके कुठे आहेत त्यावर ठरवा. रिंग जिथे टेकते त्या पट्ट्याच्या बाहेर असतील तर दिसायला वाईट, गळायला नाही. त्या पट्ट्यातून आतून बाहेर सलग चर गेला असेल तर नवी रिंगही टिकणार नाही.

नख जेमतेम अडकतंय इतपत असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून घ्या आणि हाउसिंग त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. बोटांचा दाब सगळीकडे सारखा. पूर्ण तोंड एकसारखं करडं दिसलं की थांबा. मग स्टीलची पट्टी उभी धरून खालून ०.०५ एमएमचं फीलर पान (फट मोजायची पातळ पत्री) घालून बघा, जाता कामा नये. इंजिनाकडच्या तोंडाला मात्र मशीनवरचा ब्रश लावू नका. प्लास्टिकची पट्टी आणि बारीक स्कॉच-ब्राइट, आणि भोकात आधी चिंधी कोंबा.

खोल असतील तर नवं हाउसिंग घ्या. माझं मत विचाराल तर विहिरीचं पाणी प्यायलेल्या हाउसिंगवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यातले क्षार, त्यातही क्लोराइड, अॅल्युमिनियमला असंच ठिपक्या-ठिपक्याने खातात. जे तोंडावर दिसतंय ते होसच्या नळीखालीही असतं. होस काढून ती नळीही बघा. तिथे खपली असेल तर पुढची गळती तिथून. एमसील, गळती थांबवायची पूड, रेडिएटरात हळद यातलं काही नको. पुडीने फट बुजते तशी हीटरची जाळीही (त्याचा छोटा रेडिएटर) बुजते.

बोल्टही बदला, स्वस्त आहेत. स्टीलचा बोल्ट, अॅल्युमिनियम आणि खारी हवा एकत्र आली की पुढच्या वेळी बोल्ट आतच तुटतो. आट्यांना अँटी-सीझचा (बोल्ट आत अडकू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्या आणि तेव्हा आवळणं जरा हलकं ठेवा, कारण वंगणावर तोच टॉर्क जास्त दाब देतो. दोन्ही बोल्ट आधी हाताने टेकवा, मग आलटून पालटून पाव-पाव फेरा.

घाटवाट (साखरपा)

भरण्याबद्दल लिहितो, कारण नीट बसवलेलं काम इथेच फसतं.

विहिरीचं पाणी पडलेलं आहे, तर जुनं १.८ लिटर परत ओतू नका. उरलेलंही काढा, डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी गरम करा, थंड झाल्यावर सोडा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. धुतलेलं थोडं पाणी आत राहतंच, म्हणून शेवटी तयार मिश्रण न घेता कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. गाडीच्या पुस्तकात एकूण क्षमता दिलेली असते, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि वर डिस्टिल्ड वॉटर. इथे पाणी गोठत नाही म्हणून नुसतं पाणी चालतं, हा समज सोडा. गंजरोधक त्या कॉन्सन्ट्रेटमध्येच असतं आणि उकळबिंदूही त्यानेच वाढतो. रंगावरून जात ठरवू नका, पुस्तकातला प्रकार बघा.

गाडीचं तोंड चढाकडे करून लावा. हीटरची कळ पूर्ण गरमवर. कोकणात हीटर कोणी लावत नाही, म्हणून हे हमखास राहून जातं, आणि ज्या गाड्यांत हीटरला वॉल्व्ह असतो त्यांत हवा जाळीत अडकून बसते. बारीक धारेने भरा, मधेमधे वरचा होस दाबत राहा. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल तसं ओतत राहा. वरचा होस गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी फुगून वर यायला लागली की कॅप लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत कॅपला हात नाही. काट्याची चढउतार किंवा डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू आली तर हवा अजून आहे, पुन्हा करा.

किती काढलं आणि किती गेलं याचा हिशोब जुळवा. अर्धा लिटर कमी गेलं असेल तर तेवढी हवा आत आहे, बाहेरून काहीही दिसो.

पहिली फेरी सपाटीवर, हर्णै-दापोली रस्त्याच्या चढावरही नको. सकाळी पातळी बघून मगच कुंभार्ली किंवा आंबा घाट. सोबत दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर ठेवा. होसवर स्क्रूची क्लिप लावली असेल तर पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर एकदा तपासा, रबर बसतं आणि क्लिप ढिली पडते.

काढलेलं कूलंट माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका. गोडसर लागतं म्हणून कुत्री, मांजरं, गुरं चाटतात आणि थोड्यानेही मूत्रपिंड जातं. खळ्यातला डागही भरपूर पाण्याने आजच धुवा. जुनं डब्यात भरून झाकण लावा आणि जे गॅरेज जुनं ऑइल-कूलंट गोळा करतं तिथे द्या.

खाडीकाठ (हर्णै)

चर आतून बाहेर सलग आहे. नवं हाउसिंग, रिंग आणि बोल्ट मागवतो. होसची नळी थर्मोस्टॅट हाउसिंगचाच भाग आहे, ती त्यातच नवी येईल. जुन्या होसचं टोक कापून तोच वापरू का?

जांभा_चिरा (राजापूर)

टोक आतून गुळगुळीत आणि मऊ असेल, आणि कापल्यावरही होस ताण न पडता नळीवर पूर्ण चढत असेल तर चालेल. दाबल्यावर करकर वाजत असेल किंवा बारीक चिरा उघडत असतील तर नवाच घ्या. क्लिप नळीच्या उंचवट्यावर नको, त्याच्या मागे ३-४ एमएमवर, आणि स्टेनलेसची घ्या. साधी क्लिप तुमच्याकडच्या हवेत लवकर गंजते.