साडेचार वर्षांची लेक झोपताना अंगठा सोडत नाही. बिब्बा लावावा का?

प्रश्न : परभणीची आई

नमस्कार. माझी मुलगी पुढच्या महिन्यात साडेचार वर्षांची होईल. दिवसा बालवाडीत ती अंगठ्याची आठवणही काढत नाही. मात्र दुपारी टीव्हीसमोर बसली की आणि रात्री अंथरुणावर पडली की एका हाताने दुपट्याची किनार नाकाशी धरते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात घालते. पहाटे मला जाग येते तेव्हाही तो तोंडातच असतो. अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडला आहे आणि नखाजवळची कातडी सदा भिजल्यासारखी पांढरी दिसते.

कडुलिंबाचा पाला वाटून लावला, तर तिने तो फ्रॉकला पुसून टाकला. कोरफडीचा गर लावला, तर तोंड वाकडे करत दोन मिनिटांत चोखून संपवला. रागावून पाहिले, तेव्हापासून ती पांघरुणात तोंड लपवून चोखू लागली आहे. आता सासूबाईंचे म्हणणे आहे की अंगठ्याला बिब्ब्याचे तेल लावले की खोड मोडते, त्यांच्या गावी असेच करत. त्यांचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, तरी हात धजावत नाही. हे करावे का, आणि वरचे दात किंचित पुढे आल्यासारखे वाटतात ते माझ्या मनाचे खेळ आहेत का, एवढे कोणी सांगेल का?

उत्तर : लातूरचा दंतवैद्य

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो : नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मुलाचा तोच हात ओठांना व डोळ्यांना लागतो. मिरचीचेही तसेच.

दुसऱ्या प्रश्नासाठी आज एक गोष्ट पाहा. मुलीला मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा आणि ओठ अलगद बाजूला करा. दाढा मिटलेल्या असूनही वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये फट राहत असेल, तर अंगठ्याने दातांची जागा बदलायला सुरुवात केली आहे. अंगठा वरचे दात पुढे रेटतो, खालचे आत ढकलतो आणि त्यांना पुरते वर येऊ देत नाही; शिवाय चोखताना गाल आत ओढले जात असल्याने वरचा जबडा अरुंद होत जातो. दात किती सरकतील हे मूल किती जोराने चोखते यापेक्षा दिवसाकाठी किती तास चोखते यावर जास्त अवलंबून असते, म्हणूनच रात्रभर तोंडात राहणारा अंगठा दिवसातल्या दहा मिनिटांच्या चोखण्यापेक्षा अधिक नडतो.

मात्र घाबरण्यासारखे काही झालेले नाही. अंगठा चोखणे हा रोग नव्हे. पोटातले बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते, आणि बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ते आपोआप सोडतात. कायमचे पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली, तर दुधाच्या दातांमधली अशी फट पुष्कळदा आपोआप भरून येते. म्हणजे तुमच्या हाती वेळ आहे, पण तो वाया घालवावा इतका नाही. टाळूला बसवायची तारेची जाळी हा उपाय आहे, परंतु तो मोठ्या आणि स्वतः तयार असलेल्या मुलासाठी असतो. या वयात मी तो सुचवणार नाही.

उत्तर : बीड जिल्ह्यातील निवृत्त अंगणवाडी सेविका

डॉक्टरांच्या पहिल्या शब्दाला माझी साक्ष. बिब्ब्याने ओठ सुजलेले मूल मी पाहिले आहे. खोड राहिली बाजूलाच, त्या मुलाने चार दिवस धड घास घेतला नाही.

आमच्या भागात आईवडील ऊसतोडीला गेले की लहान मुले आजीजवळ राहत, आणि सोडलेला अंगठा पुन्हा तोंडात गेलेला मला त्याच महिन्यांत दिसे. अंगठा हा मुलाचा आधार असतो. दुसरा आधार हाती न देता तो ओढून घेतला, तर मूल लपून चोखते, जसे तुमची लेक पांघरुणात करते आहे. म्हणून दुपटे मात्र काढून घेऊ नका, उलट दोन्ही हातांत धरायला तेच द्या. आणखी एक : हात धुण्याकडे लक्ष ठेवा आणि फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

उत्तर : औंढ्याजवळचा एक शिक्षक

थोडी वेगळी बाजूही मांडतो. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास अजूनही सुरू आहे. त्यातून 2016 साली असे प्रसिद्ध झाले की लहानपणी अंगठा चोखणाऱ्या आणि नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या त्वचेच्या चाचणीत ॲलर्जीचे प्रमाण कमी आढळले. अभ्यासकांनी ही सवय लावा असे म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. पण सवयीकडे केवळ घाण म्हणून पाहणाऱ्या नातेवाइकांना सांगायला ही माहिती मला उपयोगी पडली.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आम्ही असे केले : भिंतीवरच्या दिनदर्शिकेखाली कुंकवाची वाटी ठेवली, आणि अंगठ्याविना झोप लागली त्या रात्रीच्या तारखेवर सकाळी त्याने स्वतः त्याच अंगठ्याचा ठसा उमटवायचा. चुकलेल्या दिवसाविषयी कोणी अवाक्षर काढायचे नाही, हा नियम आजोबांसाठी होता आणि तो पाळणे त्यांनाच सर्वांत जड गेले. झोपेत मात्र मुलाची इच्छा चालत नाही, म्हणून जुन्या सदऱ्याची बाही बोटांपुढे टीचभर लांब करून तोंडाशी शिवून टाकली; दोरीने बांधले काहीच नाही. दोन महिने लागले. मध्येच ताप आला, त्या आठवड्यात सगळे पाणी फिरले, मग पुन्हा पहिल्या ठशापासून सुरुवात केली.

परभणीची आई

सर्वांचे आभार. डॉक्टर, दाढा मिटवून पाहिले; मधून ज्वारीचा दाणा सहज जाईल एवढी फट आहे. सासूबाईंना मी तुमचे उत्तर वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाची बाही त्यांनीच शिवली आणि ती कुठे टोचत नाही ना, हे आधी स्वतःच्या मनगटावर चढवून पाहिले. आता बाही आजपासूनच घालावी की आधी ठसे सुरू करावेत?

लातूरचा दंतवैद्य

आधी ठसे, आणि तेही आठ दिवस केवळ दुपारच्या टीव्हीच्या वेळेपुरते, म्हणजे जिंकणे तिला सोपे जाईल. बाही तिच्या संमतीने नवव्या दिवशी चढवा. आज ओठ बाजूला करून दातांचे छायाचित्र काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी तसेच दुसरे काढा. तोवर ज्वारीचा दाणा अडकू लागला, तर दवाखान्यात येण्याची घाई नाही. फट तेवढीच राहिली किंवा वाढली, तर परभणीतल्या एखाद्या दंतवैद्याला दाखवा, आणि जाताना दोन्ही छायाचित्रे सोबत न्या.