मदत हवी आहे: वसईत नाताळगीतांचा कार्यक्रम, सोबत सासूबाई

येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला पापडीजवळच्या एका चर्चमध्ये तिथल्या गायकवृंदाचा कार्यक्रम आहे. सासूबाईंना न्यायचंय. वय 74, गुडघे कुरकुरतात, पण मराठी नाताळगीतं ऐकायचीच आहेत. पत्रिकेवर 'प्रवेश मोफत' एवढंच छापलंय. चर्चच्या ऑफिसात दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. ओळखीतला एकजण म्हणाला, तासभर आधी गेलो नाही तर भिंतीला टेकून उभं राहावं लागेल. ते त्यांना जमणार नाही.

बोरिवलीहून लोकलने येणार, गाडी नाही. जाताना वसई रोडहून रिक्षा मिळेल, पण रात्री साडेनऊला परत मिळते का? आम्ही ख्रिस्ती नाही, तर गाणं संपल्यावर चर्चमध्ये टाळ्या वाजवलेल्या चालतात का? (सासूबाई वाजवणारच.) आणि मुख्य म्हणजे, पाठ टेकायची एक खुर्ची आधी सांगून मिळते का, आणि सांगायचं कुणाला?