विषय: एका जिल्हा न्यायाधीशाचा मनाईहुकूम साऱ्या देशाला लागू व्हावा का?

प्रेषक: सुहास
शनिवार, २८ जून २०२५

मंडळी, नमस्कार.

कालपासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओरड चालू आहे, की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जन्मसिद्ध नागरिकत्व काढून घेतलं. तसं झालेलं नाही. नेमकं काय झालं ते लिहितो आणि माझं मतही मांडतो. इथल्या बऱ्याच जणांना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा २० जानेवारीचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. आई एच-१बी (नोकरीच्या), एच-४ (जोडीदाराच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर १९ फेब्रुवारीनंतर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. सिएटल, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंद्रीय जिल्हा न्यायाधीशांनी तो देशभर रोखला. सिएटलचे न्यायाधीश तर रेगन यांनी नेमलेले. त्यांनी तिसऱ्याच दिवशी त्याला उघडउघड घटनाबाह्य ठरवलं. इथे जन्मलेल्याला नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि ती परदेशी पालकांच्या मुलालाही लागू करणारा १८९८ चा वाँग किम आर्क खटला समोर असताना दुसरं काही म्हणता येईल असं मला वाटत नाही.

पण कालचा प्रश्न तो नव्हताच. जे कोर्टात आलेच नाहीत, त्यांच्याबाबतीतही सरकारचे हात बांधण्याचा अधिकार एका जिल्हा न्यायाधीशाला आहे का, एवढंच सरकारने विचारलं होतं. सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आलं, की १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने असा अधिकार बहुधा दिलेला नाही. सरकारने कायदा मोडला म्हणून कोर्टानेही आपली मर्यादा ओलांडावी, हा उपाय नव्हे, असं न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलं आहे. मला हे मनापासून पटतं.

डॅलसमध्ये राहणाऱ्यांना तर हे आधी पटायला हवं. आपल्याच नॉर्दर्न डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे उत्तर टेक्सासच्या केंद्रीय न्यायविभागात, ॲमरिलोला दावा दाखल केला, की तो कोणापुढे जाणार हे वकिलांना आधीच माहीत असतं. तिथल्या न्यायाधीश कॅझमेरिक यांनी एप्रिल २०२३ मध्ये मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या औषधाची २००० सालची मंजुरी देशभर स्थगित केली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की दावा लावणाऱ्या डॉक्टरांना तो लावण्याचा हक्कच नव्हता. मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांच्याच राष्ट्रीय परिषदेने अशा दाव्यांचं वाटप चिठ्ठी टाकल्यासारखं व्हावं असं सुचवलं, तर आपल्या डिस्ट्रिक्टने ते मानलं नाही. त्याआधी २०१५ मध्ये ब्राउन्सव्हिलच्या न्यायाधीशांनी ओबामांची स्थलांतरित पालकांसाठीची योजना सगळ्या देशात थांबवली होती. तेव्हा आपण याच लिस्टवर संतापलो होतो, आणि तो संताप रास्त होता. काल विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे हेच म्हटलं होतं, की एका जिल्हा न्यायाधीशाने देशाचं धोरण जागच्या जागी रोखावं आणि खटला चालेपर्यंत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहावं, हे बरोबर असूच शकत नाही. राष्ट्राध्यक्ष बदलला म्हणून आपणही मत फिरवायचं का?

आणखी एक. न्यायाधीश चुकले तर वर अपील असतं. मार्चमध्ये सरकारची हकालपट्टीची विमानं रोखू पाहणारे न्यायाधीश बोसबर्ग यांना महाभियोगाने घालवा म्हणून जी मोहीम उघडली गेली, तिच्याशी माझ्या म्हणण्याचा काडीचाही संबंध नाही. निर्णय पटला नाही म्हणून महाभियोग हा उपाय नव्हे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच दिवशी सुनावलं ते योग्यच केलं.

आपला,
सुहास

प्रेषक: मेधा
रविवार, २९ जून २०२५

सुहासदादा,

तत्त्व म्हणून वाचायला ठीक आहे. मी घरात पाहिलेलं सांगते.

जून २०२० मध्ये नव्या एच-१बी व्हिसावर येणाऱ्यांना देशाची दारं बंद झाली. माझी मावसबहीण मार्चमध्ये लग्नासाठी नाशिकला गेली होती, ती तिकडेच अडकली. कंपनीने केलेला व्हिसाचा अर्ज (पिटिशन) मंजूर, नोकरी चालू, पण पासपोर्टवर शिक्का नाही. १ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी ती बंदी रोखली. आम्ही पेढे वाटले, आणि रात्री वकिलाचा फोन आला. आदेश फक्त वादी संघटनांच्या सदस्य कंपन्यांपुरता होता. तुम्हाला हवी तशी, अगदी काटेकोर मर्यादा. बहिणीची कंपनी चाळीस माणसांची, कुठल्याच चेंबरची, म्हणजे उद्योग संघटनेची, सदस्य नाही. तिच्याबरोबर शिकलेली मैत्रीण मोठ्या कंपनीत होती, ती डिसेंबरात परत आली. बहिणीची फाइल हलली ती बंदी ३१ मार्च २०२१ ला संपल्यावर. तोवर इथल्या घराचं भाडं ती नाशिकहून भरत होती.

बंदी बेकायदा असेल तर ती दोघींसाठी बेकायदा. वर्गणी भरणाऱ्या कंपनीत नोकरी असली तर न्याय, नाहीतर नाही, ही कसली मर्यादा? याच न्यायाधीश व्हाइट यांनी गेल्या महिन्यात परदेशी विद्यार्थ्यांचं सेव्हिस स्टेटस (सरकारी यादीतली त्यांची नोंद) रद्द करायला देशभर मनाई केली, ते मला म्हणूनच योग्य वाटतं. हजारो मुलांनी वेगवेगळे वकील कुठून आणायचे?

आणि सरकारने नागरिकत्वाचा मुद्दा वर नेलाच नाही, हे तुम्ही एका ओळीत सोडून दिलंत. खरी मेख तिथे आहे. खालच्या कोर्टांत हरायचं, हरलेल्या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाकडे जायचंच नाही आणि हुकूम मात्र उरलेल्यांवर चालवायचा. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी परवा विरुद्ध मतात नेमकं यावरच बोट ठेवलं आहे.

मेधा

प्रेषक: ऋतुजा
रविवार, २९ जून २०२५

काका, मेधाताई,

मी इथे टेक्सासात प्लेनोला राहते, दोघंही एच-१बीवर. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख आहे. माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला असते, तीही ऑगस्टमध्येच बाळंत होणार आहे. न्यू जर्सीने दावा लावला आहे, टेक्सासने नाही. म्हणजे कोर्टाने दिलेली तीस दिवसांची मुदत संपून २७ जुलैनंतर हुकूम लागू झाला, तर एकाच आजीच्या दोन नातवंडांपैकी एक नागरिक आणि एक नाही?

घरी दोन दिवस हाच विषय आहे. सासूबाई म्हणतात, बाळंतपणाला एडिसनला जा. डॉक्टर म्हणतात, सदतिसाव्या आठवड्यानंतर विमानात बसायचं नाही. आमचा इन्शुरन्स तिकडे चालत नाही. काका, मर्यादेचं तुमचं म्हणणं मला समजतं. पण मी नेमकं काय करू, हे कोणी सांगेल का?

ऋतुजा

प्रेषक: अविनाश
सोमवार, ३० जून २०२५

नमस्कार. मी पुण्याचा निवृत्त वकील, सध्या मुलीकडे आलो आहे. आगंतुक असूनही लिहितो.

आमच्याकडे केंद्राचा कायदा एखाद्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तर तो निर्णय देशभर परिणाम करतो, असं सुप्रीम कोर्टाने २००४ च्या कुसुम इंगॉट्स खटल्यात म्हटलं आहे. सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तो काय फक्त महाराष्ट्र-गोव्यापुरता नव्हे. त्यामुळे मेधाताईंची भावना मला परकी वाटत नाही.

पण तो निर्णय कसा झाला तेही पाहा. आधी दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ बसलं, त्यांचं एकमत झालं नाही, मग तिसऱ्या न्यायमूर्तींनी सगळं पुन्हा ऐकून कौल दिला. इथे एकटा जिल्हा न्यायाधीश, तोही पुरावा पुरता समोर येण्याआधी, काही दिवसांत साऱ्या देशाला आदेश देतो. माझा आक्षेप या घाईला आणि एकटेपणाला आहे.

अविनाश

प्रेषक: सुहास
शुक्रवार, ११ जुलै २०२५

मंडळी,

अविनाशरावांचा मुद्दा अगदी मर्मावरचा आहे, आणि अमेरिकेला तो नवा नाही. रूझवेल्ट यांच्या न्यू डील कायद्यांवर मनाईहुकुमांचा पाऊस पडला, तेव्हा १९३७ मध्ये काँग्रेसने कायदाच केला: केंद्राचा कायदा घटनाबाह्य म्हणून रोखायचा असेल तर तीन न्यायाधीश बसावेत, आणि तिथून अपील थेट सुप्रीम कोर्टात जावं. १९७६ मध्ये ही पद्धत जवळजवळ मोडीत काढली. ती परत आणली आणि राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमांनाही लावली, तर मेधाची मेख निघते, कारण सरकारला मुद्दा वर न नेता बसून राहायला जागाच उरत नाही. एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने २१९ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकातही तीन न्यायाधीशांची तरतूद आहे, पण ती फक्त राज्यांनी मिळून लावलेल्या दाव्यांसाठी. सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही, म्हणून मी त्याला पाठिंबा देत नाही.

आता ऋतुजासाठी. काल न्यू हॅम्पशरमध्ये न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी क्लास ॲक्शन, म्हणजे एकाच स्थितीतल्या सगळ्यांच्या वतीने काही जणांनी लावलेला दावा, मान्य करून हुकूम पुन्हा रोखला. फेब्रुवारीत याच न्यायाधीशांनी हुकूम बेकायदा वाटत असूनही मनाई फक्त समोरच्या वाद्यांपुरती ठेवली होती. त्यांनी देशभर हात लांब केला नाही, हे त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आलं. काल त्यांनी आधी वर्ग कोणाचा ते ठरवलं. पालकांना त्यात घेतलं नाही, फक्त बाळांना घेतलं. मग क्लास ॲक्शनसाठीच्या नियम २३ च्या अटी तपासल्या, आणि सरकारला अपिलासाठी सात दिवस दिले. न्यायमूर्ती अलिटो यांनी सुप्रीम कोर्टाच्या २७ जूनच्या निकालात इशारा दिला होता, की वर्ग मान्य करताना कोर्टांनी ढिलाई केली तर क्लास ॲक्शन ही पळवाट होईल. या आदेशात तशी ढिलाई मला दिसत नाही. न्यायाधीशाने आपल्या चौकटीत राहून संरक्षण द्यावं असं मी म्हणतो, ते हेच.

मेधा, तुझ्या बहिणीसारखी गत यात होत नाही. कोणत्या संघटनेची वर्गणी लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही, वकीलही नेमावा लागत नाही.

ऋतुजा, २० फेब्रुवारी किंवा त्यानंतर जन्मलेली आणि पुढे जन्मणारी, हुकुमात बसणारी बाळं या वर्गात आहेत. त्यात राज्याचा भेद नाही, तेव्हा एडिसनला जायचा विचार सोड. सात दिवसांत अपिलाचं काय होतं ते बघू, मी इथे कळवत राहीन. जन्मदाखला नेहमीसारखा काढा आणि तो हातात पडला की पासपोर्टचा अर्ज लगेच भरा. दोघांचे आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि पिटिशन मंजुरीचे कागद यांच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा. तुमच्या वकिलाला आजच फोन कर. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गर्दी होईल.

सुहास