पॉइंट जमवा, पण बिल पूर्ण भरा
रिवॉर्ड पॉइंट (खर्चावर मिळणारे बक्षीस-गुण) जमावेत म्हणून घरचा सगळा किराणा क्रेडिट कार्डावर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घ्या, पण बिल दर महिन्याला पूर्ण भरणार असाल तरच. मी रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय. २०२२ पासून ही सोय आहे. रविवार कारंजावरच्या किराणा दुकानातही क्यूआरवर चालतं. गेल्या दिवाळीत घाईघाईत फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला. पुढच्या बिलात उरलेल्या रकमेवर व्याज होतंच, शिवाय नव्या डाळ-तेलावरही खरेदीच्या दिवसापासून लागलेलं! महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२. वर्षभराच्या पॉइंटांचा फायदा त्यातच गेला, फार वाईट वाटलं. म्हणून ऑटो-पे (खात्यातून आपोआप बिल भरणं) 'टोटल ड्यू'वरच, म्हणजे पूर्ण बिलावरच, लावा. आणि हो, कार्डावर पेट्रोल भरलं की लागणारा सरचार्ज, म्हणजे जादा आकार, परत मिळाला तरी त्यावरचा जीएसटी सहसा मिळत नाही.