रस्त्याचा आवाज बेडरूममध्ये येतो, बाळ झोपत नाही, काय करता येईल?

चांदणी_२
नमस्कार मंडळी, खरंच मदत हवीये. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, बेडरूमची खिडकी थेट मोठ्या रस्त्यावर आणि थोडं पुढे सिग्नल, त्यामुळे रात्री बारा-एक वाजेपर्यंत हॉर्न, बाइक, आणि सिग्नलला थांबलेल्या बस-ट्रकची ती घरघर चालूच असते. बाळ चार महिन्यांचं आहे, कसंबसं झोपवलं की एखादी बाइक सायलेन्सर काढून जाते आणि ते दचकून उठतं, मग पुन्हा तासभर खांद्यावर घेऊन फिरायचं. नवऱ्याला सकाळी लवकर निघायचं असतं, त्याचीही झोप होत नाही. जाड पडदे लावून बघितले, फरक जवळजवळ शून्य. आता एकाने सांगितलंय की चारही भिंतींना तो काळा टोकदार फोम लावा, स्टुडिओत असतो तो. लावू का? कोणी लावलाय का? खिडकी सरकती आहे, अॅल्युमिनियमची, दोन झडपांची.

मध्यरात्र
ताई फोम अजिबात लावू नका!! मी लावून बसलोय म्हणून कळकळीने सांगतोय. फोम खोलीच्या आतला घुमणारा आवाज शोषतो, म्हणजे टाळी वाजवली तर घुमत नाही एवढंच, पण बाहेरून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि फोमला वजनच नसतं. अंड्यांच्या ट्रेचंही तेच. पडद्याने फरक का पडला नाही तेही ह्यातच आलं.

दुसरं म्हणजे भिंत तुमची शत्रू नाहीच. विटांची प्लास्टर केलेली भिंत चांगली जड असते, तिच्यातून फार कमी येतं. आवाज येतो तो खिडकीतून, आणि खिडकीत पण आधी फटीतून. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, एवढं धरून चाला. आज रात्री एक करा, खोलीत अंधार करून बाहेरच्या बाजूने, बाल्कनी वगैरे असेल तर, कोणालातरी खिडकीच्या कडेकडेने टॉर्च फिरवायला सांगा, जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे फट. नाहीतर झडपेत कागदाची पट्टी अडकवून खिडकी बंद करा आणि ओढा, सहज निघाली तर तिथलं रबर किंवा ब्रश गेलाय.

काचवाला_दादा
मध्यरात्र यांनी बरोबर सांगितलंय. मी वीस वर्षं खिडक्या बसवतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फट किती नुकसान करते याचा लोकांना अंदाज नसतो. खिडकीच्या एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी उघडं राहिलं, तर बाकी काच कितीही भारी घाला, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. दीड मीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद फट म्हणजे ३० चौरस सेंटिमीटरचं भोक झालं की हो! म्हणून आधी फटी, मग काच. हा क्रम उलटा केला की पैसे पाण्यात.

सरकत्या खिडकीत तीन जागा बघा. एक, झडपेच्या कडेला ट्रॅकमध्ये जी केसाळ पट्टी असते (आम्ही ब्रश म्हणतो) ती काही वर्षांत दबून जाते, ती काढून नवीन, थोडी उंच केसांची घाला. दोन, दोन झडपा मधे जिथे एकमेकींवर येतात तिथली पट्टी, ही बहुतेक वेळा नसतेच. तीन, चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा, बाहेरून सिमेंट दिसतं पण आत पोकळ असतं, तिथे सिलिकॉन भरा. एक मात्र सांभाळा, खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी ट्रॅक भरून खोलीत येईल. हे मी लोकांच्या घरी फार वेळा बघितलंय.

एवढं करूनही पुरलं नाही तर आहे ती खिडकी काढू नका, तिच्या आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवा, उघडझाप होणारी आणि चारी बाजूंनी रबर असलेली, कारण कडी लावली की ती रबरावर दाबून बसते, सरकती कधीच तशी बसत नाही. दोन्हींच्या मधे १०० मिलिमीटर तरी जागा सोडा. आतली काच लॅमिनेटेड घ्या, ६.३८ वाली, म्हणजे ३ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे चिकट थर, तो थर काचेची थरथर मारतो. बाहेरची काच वेगळ्या जाडीची असली तर अजून चांगलं.

रुई
पण दुकानात तर सगळे डबल ग्लेझिंगच सुचवतात ना? तयार युनिट असतं ते.

काचवाला_दादा
ते उष्णतेसाठी चांगलं, आवाजासाठी तेवढं नाही. ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे १२ मिलिमीटर हवा असली की दोन्ही काचा मधल्या हवेच्या स्प्रिंगवर मिळून हलतात आणि आवाज आत सोडतात, आणि ते साधारण २५० हर्ट्झच्या (स्वर किती खालचा-वरचा ते मोजायचं माप) आसपास, म्हणजे जड गाड्यांच्या आवाजाच्या पट्ट्यातच. १०० मिलिमीटर अंतर ठेवलं की तीच गोष्ट काचेच्या जाडीप्रमाणे साधारण ७० ते ८५ हर्ट्झपर्यंत खाली सरकते. तरी चांदणीताई, थांबलेल्या ट्रकची घरघर पूर्ण जाणार नाही हे आधीच सांगतो, खालच्या स्वरांचे आवाज अडवणं सगळ्यात अवघड. हॉर्न आणि बाइकमध्ये मात्र फरक नक्की कळेल.

चांदणी_२
खूप खूप आभार सगळ्यांचे, फोमची ऑर्डर रद्द केली. एक शंका, सगळं असं घट्ट बंद केलं तर हवेचं काय? बाळ खोलीत असतं, मला ते बरोबर वाटत नाहीये.

रुई
बरोबर विचारलंत. आम्ही रस्त्याच्या बाजूची खिडकी रात्री बंद ठेवतो आणि बेडरूमचं दार उघडं ठेवून मागच्या बाजूच्या खोलीची खिडकी उघडतो, तिकडे रस्ता नाही, हवा तिकडून येते. थोडीशी उघडलेली खिडकीसुद्धा आवाज १० ते १५ डेसिबलच कमी करते, त्यामुळे कुठली उघडायची हे ठरवणंच महत्त्वाचं. आणि जमत असेल तर बाळाची झोपायची जागाच मागच्या खोलीत हलवा, हा सगळ्यात सोपा उपाय आहे आणि कोणालाच सुचत नाही.

पंख्याचा एकसारखा आवाजही मदत करतो, कारण बाळ सरासरी आवाजाने उठत नाही, अचानक वर जाणाऱ्या आवाजाने उठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनातही बेडरूमसाठी दोन आकडे वेगवेगळे आहेत, रात्रभराची सरासरी ३० डेसिबल आणि एकेक आवाज ४५ पर्यंत. पावसाच्या आवाजाचं मशीन वगैरे लावलं तर बाळाच्या डोक्यापासून लांब आणि अगदी हळू. इअरप्लग घालणार असाल तर दोघांनी एका वेळी नको, एकाला बाळाचं रडणं ऐकू यायला हवं.

चांदणी_२
तीन आठवड्यांनी सांगायला आलेय. टॉर्च लावल्यावर मधल्या झडपांच्या जोडाला वरपासून खालपर्यंत उजेड दिसला, मला धक्काच बसला. ब्रश बदलले, मधे पट्टी लावली, चौकटीभोवती सिलिकॉन भरलं, आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक नुसत्या कापडाने बुजवलेलं होतं ते नीट भरून घेतलं. फोनमधल्या अॅपवर त्याच जागी, साधारण त्याच वेळी मोजलं तर आधी ५२-५३ दिसायचं ते आता ४५-४६. अॅप किती अचूक ते माहीत नाही पण फरक कानाला कळतोय. हॉर्न लांबून आल्यासारखा वाटतो. ट्रकची घरघर आहे तशीच आहे, दादा म्हणाले होते तसंच.

बाळाला मागच्या खोलीत हलवलंय, काल सलग साडेचार तास झोपलं. आतल्या खिडकीचं माप घ्यायला पुढच्या आठवड्यात माणूस येतोय. दादा, भिंतीची जाडी आतल्या बाजूने ११० मिलिमीटरच उरते, त्यात चौकट धरून १०० अंतर मिळणार नाही, ८० चालेल का?

काचवाला_दादा
८० चालेल. फक्त दोन काचांच्या मधल्या चारी कडांना आतून जाड फेल्ट लावून घ्या, तिथे शोषणारं काही असलं तर उपयोग होतो, आणि बाहेरची झडप पुसायला हात आत जाईल एवढी आतली खिडकी पूर्ण उघडते ना ते माप घेतानाच बघा.